रुळली का?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, गौरीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या महिला विभागाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर.)



चिटणीसांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, बायकांच्या विषयावर काहीतरी हलकंफुलकं बोला, वीस मिनिटं." मी तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. हलकंफुलकं मला जमत नाही, आणि वीस मिनिटांत थांबणं त्याहून जमत नाही. तरी प्रयत्न करते.

आज आपल्या घरी गौरी बसल्या आहेत. काल आल्या, आज जेवल्या, उद्या जातील. आपण तिला माहेरवाशीण म्हणतो. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचं जेवण, तिसऱ्या दिवशी पाठवणी. या हॉलमध्ये बसलेल्या किती जणींना लग्नानंतर कधी गौरीच्या दिवसांत आपल्या माहेरी जायला मिळालं? हात वर करू नका. मला उत्तर ठाऊक आहे, कारण मी स्वतः एकदाही गेले नाही. घरच्या गौरी सोडून सून कशी जाणार? म्हणजे माटीच्या-पितळेच्या गौरीला जे दरवर्षी मिळतं, ते तिला नैवेद्य करणाऱ्या बाईला मिळत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगते.

आता विषयाकडे येते. आपण बडोद्याचे मराठी लोक आपला इतिहास मोठ्या हौसेने सांगतो. कुणाचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर आले, कुणाचे सयाजीराव महाराजांच्या काळात शिक्षक, कारकून, इंजिनिअर म्हणून आले. "आम्ही सहा पिढ्या बडोद्यात" हे वाक्य आमच्या घरी मी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात चारदा ऐकलं. ते खरंच आहे. पण या सहा पिढ्यांतल्या बायका मोजा. माझ्या आजेसासूबाई नाशिककडच्या, सासूबाई राजापूरकडच्या, मी वाईची. घर सहा पिढ्यांचं, पण त्यात आलेली प्रत्येक सून पहिल्या पिढीची. पुरुषांचं स्थलांतर एकदाच झालं आणि त्याची बखर झाली. बायकांचं दर पिढीत नव्याने होतं, एकेकटीने होतं, आणि त्याला आपण स्थलांतर म्हणतसुद्धा नाही. लग्न म्हणतो.

सरकार मात्र म्हणतं. २०२०-२१ च्या केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीत असं दिसलं की देशातल्या दर १०० स्त्रियांमागे जवळजवळ ४८ जणी आपलं आधीचं राहतं ठिकाण सोडून दुसरीकडे आलेल्या आहेत. पुरुषांत हे प्रमाण १०० मागे ११ सुद्धा नाही. आणि गाव सोडलेल्या या स्त्रियांना कारण विचारलं, तर १०० तल्या ८७ जणींनी लग्न हे कारण सांगितलं. नोकरीसाठी सुरतेला आलेला मजूर आपल्या डोळ्यांना स्थलांतरित दिसतो. आपल्या स्वयंपाकघरातली दिसत नाही.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात एक गोष्ट फार नेमकी मांडली आहे. उत्तरेत मुलगी लांबच्या, अनोळखी घरी द्यायची रीत. दक्षिणेत नात्यातच द्यायची, मामाला किंवा आते-मामेभावाला. महाराष्ट्र मधला. आपल्याकडे बऱ्याच समाजांत मामाची मुलगी करून घ्यायची चाल होती, म्हणजे सासू ही आधीची आत्या. गाव शेजारचं, उंबरा ओळखीचा. आता विचार करा, बडोद्यात, इंदुरात, ग्वाल्हेरीत वसलेल्या घराण्यांनी काय केलं? रीतिरिवाज महाराष्ट्राचे जपले, मंगळागौर जपली, उकडीचे मोदक जपले, आणि सून मात्र उत्तरेसारखी शेकडो कोस लांबून, ओळखदेख नसलेल्या घरातून आणली. मुलीच्या वाट्याला दोन्हीकडचं अवघड तेवढं आलं.

लांब मुलगी देण्याला दुसरीही बाजू आहे. रोझेनझ्वाइग आणि स्टार्क या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र-आंध्रातल्या कोरडवाहू गावांची माहिती तपासून असं मांडलं की शेतकरी कुटुंबं मुली लांब देतात त्यात हिशेब असतो. इकडे पाऊस बुडाला तरी व्याह्यांकडे पडलेला असतो, आणि अडचणीत आधार मिळतो. म्हणजे मुलगी हा विमा. माझे वडील शाळामास्तर होते, त्यांनी पावसाचा विचार केला नव्हता. मुलगा बँकेत आहे एवढाच केला होता.

१९७६ च्या मे महिन्यात मी आले. वाईहून पुणे, पुण्याहून मुंबई, मुंबई सेंट्रलहून बडोद्याची गाडी. नर्मदेचा पूल आला तेव्हा दिरांनी हातावर दहा पैसे ठेवले, "वहिनी, नदीत टाका." मी टाकले. कृष्णेकाठची मुलगी, नदीला नमस्कार करायची सवय होती, पण त्या वेळी मनात आलं की ही माझी नदी नव्हे. पूल संपला, भरूच आलं, आणि फलाटावर एकजण ओरडत चालला होता, "खारी शिंग! खारी शिंग!" मी घाबरून यांच्याकडे पाहिलं. इथे लोक शिंगं खातात? ते खारे शेंगदाणे होते, हे सांगताना सगळा डबा हसला. मीही हसले. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आधी कचरा काढ, मग पोतं मार." मी माळ्यावर चढून पोतं शोधू लागले. बडोद्याच्या मराठीत पोतं म्हणजे फरशी पुसायचं फडकं, हे मला कोण सांगणार? आपणा सर्वांना याचं हसू येतं, कारण आपण रुळलो. पण तेव्हा मला वाटलेलं आठवतं. गुजराती येत नव्हती याचं काही नाही, ती शिकता येते, वरची रेघ काढली की अर्धं काम झालं. माझी मराठीच इथे चुकीची ठरत होती, त्याचं वाईट वाटलं.

त्या वर्षी जो भेटे तो सासूबाईंना विचारे, "सूनबाई रुळली का?" लक्ष द्या, मला नव्हे, सासूबाईंना. आणि त्या सांगत, "रुळली हो." पाय दुमडून बसायला शिकलेल्या जनावराबद्दल विचारावं तसा तो प्रश्न आहे, असं मला पुढे वाटू लागलं. रुळणं म्हणजे घराला आता माझा त्रास होत नाही. मला घराचा होतो का, हा वेगळा प्रश्न. तो विचारायला शब्द आहे, समाधान. पण त्याची अडचण अशी की आपल्याकडे समाधान ही विचारायची गोष्ट नाही, ठेवायची गोष्ट आहे. "समाधान मान" म्हणतात. आणि मानलं की मोजायचं काय?

मानसशास्त्रात मोजतात. १९६५ साली हॅडली कॅंट्रिल यांनी एक साधी युक्ती काढली. शिडी समजा. शून्यापासून दहापर्यंत पायऱ्या. सगळ्यात वर तुम्हाला कल्पना करता येईल असं उत्तम आयुष्य, सगळ्यात खाली वाईटात वाईट. तुम्ही कितव्या पायरीवर? जगातल्या देशांची सुखाची जी यादी दरवर्षी वर्तमानपत्रात येते, ती याच शिडीवरून करतात. पुढे १९८५ मध्ये एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच विधानांची एक मोजपट्टी केली. प्रत्येकाला एक ते सात गुण, एकूण पाच ते पस्तीस. पाचवं विधान साधारण असं, की आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तरी मी त्यात जवळजवळ काहीच बदलणार नाही.

ही मोजपट्टी मी वर्गात कितीतरी वर्षं शिकवली. एकदा, १९९० च्या आसपास, दुपारी गहू निवडताना सासूबाईंना सहज पाचही विधानं मराठीत करून विचारली. त्यांना सगळे माई म्हणत, मीही माईच म्हणते. पहिल्या चारांना त्यांनी सात सात गुण दिले, पटापट, देवळात प्रदक्षिणा घालावी तसे. पाचव्याला थांबल्या. म्हणाल्या, "पुन्हा जगायचं ते कोणी? मी का तिने?" मी म्हटलं, "तिने म्हणजे?" तर म्हणाल्या, "लग्नाआधीचीने." आणि गव्हाकडे वळल्या. मी त्या वेळी तो विनोद समजले. मानसशास्त्राची शिक्षिका मी, आणि एवढं उत्तर समोर असून कळलं नाही.

माई १९३८ साली पंधराव्या वर्षी आल्या. जैतापूरहून बोटीने मुंबई, तिथून गाडीने बडोदे. त्यानंतर नऊ वर्षं माहेरी गेल्या नाहीत. आधी बाळंतपणं, मग लढाई, मग सासऱ्यांचं आजारपण. नेहमी काहीतरी असे. आमच्या दांडिया बाजारात तेव्हा वाणी, शिंपी, वैद्य सगळे मराठी बोलणारे, त्यामुळे भाषेची अडचण नाही असं घरचे म्हणत. पण त्यांच्या कोकणी हेलाची घरात नक्कल होई. रोज नारळ खवायची सवय उधळेपणा ठरली. हे त्यांनी मला कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. एका पावसाळ्यात सुरसागर काठोकाठ भरला होता, तो बघायला आम्ही गेलो, तेव्हा आपणहून म्हणाल्या, "पाणी पाहिलं की मला घरी जावंसं वाटतं." साठीच्या बाईचं घर राजापूरला, आणि त्या वेळी राजापूरला त्यांचं कोणी उरलेलं नव्हतं, एक भाचा सोडून.

शेवटची दोन वर्षं त्यांची आठवण गेली. डॉक्टरांनी नाव सांगितलं, पण घरातल्यांना जे दिसलं ते सांगते. आधी नातवंडं विसरल्या, मग मुलं, मग आम्ही. एक दिवस माई अशी हाक मारली तरी वळेनात. लग्नात तांदळात लिहिलेलं नाव घेऊन हाक मारली, तरी नाही. आम्हाला वाटलं ऐकू येत नाही. मग तो राजापूरचा भाचा भेटायला आला, म्हातारा झालेला. त्याने त्यांच्या कानाशी वाकून एक नाव घेतलं, "आत्या" लावून. माईंनी मान वर केली आणि विचारलं, "पेज झाली का?"

ते नाव आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. साठ वर्षं बाई घरात होती, पाच मुलं झाली, सगळ्या गावाने रुळली म्हणून सांगितलं, आणि तिचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. पुढचे सात-आठ महिने, त्या गेल्या तोपर्यंत, मी त्यांना त्याच नावाने हाक मारून जेवू घातलं. सून सासूला नावाने हाक मारते म्हणून एक-दोघींनी नाकं मुरडली. ते नाव इथे सांगत नाही. त्यांनी ते आम्हाला फार उशिरा दिलं, तेही विसरल्यामुळे दिलं.

नावाचं निघालं म्हणून सांगते. रावपुऱ्यातला टॉवर आपण रोज ओलांडतो. १८९६ चा तो टॉवर चिमणाबाईंच्या स्मरणार्थ आहे. या चिमणाबाई म्हणजे तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या लक्ष्मीबाई. १८८० मध्ये सयाजीरावांशी लग्न होऊन आल्या, इकडे चिमणाबाई झाल्या. किती लांबून आल्या बघा, तंजावरहून. त्यांच्याबरोबर तंजावरचे नर्तक-वादक आले, आणि बडोद्याने भरतनाट्यम पाहिलं ते त्यांच्यामुळे. पाच वर्षांत, १८८५ मध्ये त्या क्षयाने गेल्या. राजवाड्याचं लक्ष्मीविलास हे नाव त्यांच्या माहेरच्या नावावरून ठेवलं असं सांगतात. तसं असेल तर बडोद्यात माहेरचं नाव परत मिळालेली ती एकच सून, आणि तेही गेल्यानंतर. महाराजांचं दुसरं लग्न झालं ते देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाईंशी. त्यांचं नाव काय ठेवलं? चिमणाबाई. तेच. नाव त्या बाईचं नव्हतंच, जागेचं होतं.

आणि तरी या दुसऱ्या चिमणाबाईंनी त्या जागेचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. पडदा सोडला. भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर १९११ मध्ये इंग्रजीत पुस्तक आणलं, मित्र नावाच्या सहलेखकाबरोबर. १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्ष त्याच. त्यांच्याच हयातीत, १९३१ मध्ये, बडोदे संस्थानात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा मिळाला, बाकीच्या बहुतेक देशाला तो मिळायला पुढे वीसेक वर्षं लागली. राणी होत्या, हाताशी पैसा होता, आपली बरोबरी नाही, हे मान्य. पण पैशाच्या पलीकडे त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी माईंकडे नव्हती. त्यांना घराबाहेर स्वतःचं असं काम होतं, आणि त्या कामामुळे ओळखणारी माणसं होती.

इतकी वर्षं नव्या सुनांशी, विद्यार्थिनींशी, या मंडळातल्या बायकांशी बोलून माझं जे मत झालं आहे, ते एवढंच आहे. सासर श्रीमंत की गरीब, सासू गोड की कडू, याने फरक पडतो, पण आपण समजतो तेवढा नाही. कडू सासूच्या घरातही समाधानी बाया मी पाहिल्या आहेत. त्यांच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास असत. नव्या गावात त्यांचं स्वतःचं एक तरी माणूस होतं, नवऱ्याच्या किंवा सासरच्या ओळखीतून न मिळालेलं. आणि माहेरी जायला त्यांना कारण लागत नसे. बाळंतपण, लग्न, मयत, ही कारणं झाली. नुसतंच, उगाच, आठ दिवस जाऊन येणं, हे ज्यांना मिळालं त्या वेगळ्या दिसत.

माझं स्वतःचं माणूस म्हणजे वाचनालयातली एक गुजराती बाई. मी पुस्तक घ्यायला जाई, ती परत आलेली पुस्तकं लावत असे. तिने मला माझं जुनं नाव विचारलं. माझा शाळा सोडल्याचा दाखला एका नावाचा, रेशनकार्ड दुसऱ्या नावाचं, त्यामुळे कॉलेजात प्रवेश घेताना ती मेली कागदपत्रांची यातायात झाली, आणि तीच बाई माझ्याबरोबर प्रतिज्ञापत्र करायला कचेरीत आली. घरून कोणी आलं नाही. अडवलंही नाही, हेही सांगायला हवं. मामंजी म्हणाले होते, "शिकायचं तर शीक, दुपारचा चहा चुकवू नकोस." एम.ए. होईपर्यंत चहा चुकवला नाही.

आता म्हणाल, दिवस बदलले. बदलले आहेत. आमची सून भावनगरची, गुजराती. नोकरी करते, गाडी चालवते, आईशी रोज व्हिडिओ कॉल. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा नाव बदलायचा विषय मी निघूच दिला नाही, तांदळाचं ताट आणलं होतं भटजींनी, त्यात तिचंच नाव लिहायला लावलं. मला वाटलं, झालं, आपण जिंकलो. मागच्या दिवाळीत ती म्हणाली, "मम्मी, हुं तो गुजरातमांज छुं, एटले कोई पूछतुं नथी." मी गुजरातेतच आहे ना, म्हणून मला कोणी विचारत नाही. खरं होतं ते. वाईहून आलेल्या सुनेची निदान चौकशी होई, रुळली का म्हणून. भावनगर सौराष्ट्रात, बोली वेगळी, जेवण वेगळं, आणि इथे ती आली ती आमच्या मराठी घरात, जिथे रागवायचंसुद्धा मराठीत. मागच्या वर्षी ती या हॉलमध्ये तिन्ही दिवस आली होती. तिच्याशी जो कोणी बोलला तो एकच बोलला, "मोदकाची कळी पाडता येते का?" येते. तिने शिकून घेतली आहे. माझ्यापेक्षा बऱ्या पाडते.

म्हणून मंडळाला दोन गोष्टी सुचवायच्या आहेत, चिटणीस मागे उभे आहेत, त्यांनी लिहून घ्याव्यात. आपल्या सभासद-यादीत बायकांची नोंद "सौ." आणि पुढे यजमानांचं नाव अशी आहे. मी काल मोजायला बसले आणि सोडून दिलं. पुढच्या छपाईत प्रत्येक बाईचं स्वतःचं नाव, आधीचं नाव निराळं असेल तर तेही, आणि माहेरचं गाव, एवढं छापा. जिला नको असेल तिचं वगळा, पण विचारून वगळा. कागद वाढेल म्हणाल तर जाहिरातीचं एक पान कमी करा. नाहीतर ते पान मी देते.

दुसरी गोष्ट माझ्यापुरती आहे. गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या शनिवारपासून, दुपारी चार ते सहा, मंडळाच्या वाचनालयाची खोली मी मागून घेतली आहे. गेल्या पाच वर्षांत लग्न होऊन बडोद्यात आलेल्या कोणाही मुलीने यावं. मराठी असलीच पाहिजे असं नाही, सून असलीच पाहिजे असंही नाही, बदली होऊन आलेल्या जावयाचं लग्नाचं गाव बडोदे असेल तर त्यानेही यावं. कार्यक्रम काही नाही, भजन नाही, पाककृती नाहीत. सासवांनी मात्र येऊ नये ही विनंती. मीही सासूच आहे, त्यामुळे चहा आणि खारी शिंग ठेवून मी सव्वाचारला निघून जाईन. कुलूप लावून किल्ली पहारेकऱ्याकडे द्यायची, एवढं लक्षात ठेवा.